विलायतेचे राजकारण आणि आपली माणसे

(गावी रजेवर आलो असता वाचनालयाच्या मंडळींच्या आग्रहावरून आम्ही केलेले भाषण.)



आम्ही विलायतेत गेलो त्यास वीस वर्षांवर काळ लोटला. दर खेपेस गावी आलो म्हणजे मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो पगाराचा आणि दुसरा व्हिसाचा. तिकडच्या राजकारणाची चौकशी कोणी करीत नाही. “तो गोऱ्यांचा मामला, आपल्याला काय त्याचे?” असे एक वडीलधारे गृहस्थ काल पारावर म्हणाले. त्यांच्या वयाचा मान राखून आम्ही तेव्हा गप्प बसलो. पण आज वाचनालयाने बोलायला उभे केले आहे, तर उत्तर देणे भाग आहे. ज्या देशात आपली चूल पेटते त्या देशाचे राजकारण आपले नव्हे असे जो म्हणतो, त्याच्या चुलीत एक दिवस दुसराच कोणी पाणी ओततो. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही, डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात आमचा स्वतःचाही दोष आहे आणि तो आज झाकून ठेवणार नाही.

प्रथम मताची गोष्ट सांगतो. आम्ही आजही भारताचे नागरिक आहोत. तरीसुद्धा विलायतेच्या पार्लमेंटच्या निवडणुकीत आम्हांस मत आहे. जर्मन किंवा फ्रेंच माणूस तेथे तीस वर्षे राहिला तरी पार्लमेंटसाठी त्याला मत नाही; पण राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक तेथे कायदेशीर राहत असेल तर त्याचे नाव यादीत घालता येते. हा जुन्या साम्राज्याचा अवशेष आहे. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने राष्ट्रकुलातील माणसांस तिकडे येऊन राहण्याची वाट मोकळी होती, कारण युद्धाने खिळखिळ्या झालेल्या देशाला कामाचे हात पाहिजे होते. त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ नावाची बोट वेस्ट इंडीज बेटांतील शेकडो माणसे घेऊन लंडनजवळ लागली. त्यांनी बसगाड्या चालवल्या, रुग्णालये झाडली, रोग्यांची शुश्रूषा केली. आणि २०१८ साली उघडकीस आले ते काय? लहानपणी कायदेशीर आलेल्या त्याच माणसांकडे सरकारने कागद मागितले, आणि कागद नाही म्हणून कित्येकांची नोकरी घालवली, औषधोपचार बंद केले, किमान ८३ जणांस तर देशाबाहेर काढले. त्यांच्या येण्याची नोंद असलेली कार्डे सरकारी खात्यानेच २०१० साली नष्ट केली होती! गृहस्थहो, पन्नास वर्षे घाम गाळला तरी मालकाच्या लेखी तुम्ही पाहुणेच, ही गोष्ट ज्याच्या पूर्वजांनी वेठ केली आहे त्याला निराळी समजावून द्यावी लागत नाही.

हे मत आम्हांस फुकट मिळाले असे मात्र समजू नका. दादाभाई नौरोजी १८८६ साली लंडनमधील होबर्न मतदारसंघात उभे राहिले आणि पडले. दोन वर्षांनी खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिस्बरी भर सभेत अशा अर्थाचे बोलला, की काळ्या माणसाला निवडून देण्याइतके इंग्रज मतदार अजून पुढे गेलेले नाहीत. त्याला उत्तर १८९२ साली फिन्सबरीच्या मतदारांनी दिले. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मतांनी का होईना, पण दादाभाई पार्लमेंटात बसले. पंतप्रधानाने रंग पाहिला, मतदाराने माणूस पाहिला. विलायतेच्या राजकारणात हे दोन प्रवाह तेव्हापासून वाहत आहेत, आणि ते आजही आटलेले नाहीत.

आमचे राहणे लेस्टर शहरात आहे. तेथील वस्तीत शंभरातील त्रेचाळीस माणसे आशियाई मूळची, असे २०२१ ची शिरगणती सांगते. या शहराची एक कथा ऐका. १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तेथील आशियाई लोकांस नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून फर्मावले. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने काय केले? युगांडातील वर्तमानपत्रात पैसे देऊन जाहिरात छापली, की आमच्या शहरात घरे नाहीत, शाळांत जागा नाही, तुम्ही येथे येऊ नका! विलायतेने सत्तावीस हजारांहून अधिक निर्वासित घेतले आणि त्यांतील पुष्कळजण, जाहिरात वाचूनसुद्धा, लेस्टरलाच आले. त्यांनी बंद दुकाने उघडली, गिरण्यांत रात्रपाळ्या केल्या. ज्या रस्त्यांवर कुलपे लागत होती तेथे बाजार भरू लागला. आज तेच शहर आपल्या दिवाळीची जाहिरात जगभर करते.

पण मधला काळ सोपा नव्हता. १९६८ च्या एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल या हुजूर पक्षाच्या पुढाऱ्याने परक्यांमुळे देशात रक्त वाहील अशा थाटाचे भाषण केले. पक्षनेत्याने त्याला पदावरून काढले, परंतु लंडनचे गोदी कामगार त्याच्या बाजूने मोर्चा घेऊन पार्लमेंटवर गेले. १९७४ साली लेस्टरच्या इंपीरियल टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी, त्यांत बायाही होत्या, बोनसात होणाऱ्या भेदाविरुद्ध संप केला. सुमारे तीन महिने तो चालला. पण त्यांच्याच युनियनच्या स्थानिक पुढाऱ्यांनी पाठ फिरवली. मग १९७६ साली लंडनमध्ये ग्रन्विकच्या फोटो धुण्याच्या कारखान्यात जयाबेन देसाई या साडी नेसणाऱ्या ठेंगण्या बाईने संपाचे निशाण उभारले. या वेळी टपालवाल्यांनी मालकाचे टपाल हाताळण्याचे नाकारले, यॉर्कशायरचे खाणकामगार गाड्या करून आले, आणि पॉवेलसाठी चालणाऱ्या त्याच लंडनच्या गोदी कामगारांची निशाणे जयाबेनच्या मोर्चात दिसली. संप १९७८ साली हरला, हे खरे. पण नऊ वर्षांत गोदीवाला कोठून कोठे आला पाहा. माणूस जन्मतः दुष्ट नसतो. त्याच्या कानी कोण लागतो, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता कायद्याकडे वळू. येणाऱ्यांवर पहिले बंधन १९६२ साली हुजूर पक्षाने घातले. केनियातील आशियाई लोकांच्या हाती ब्रिटिश पासपोर्ट असताना १९६८ साली त्यांस अडवणारा कायदा मजूर पक्षाच्या सरकारने अवघ्या तीन दिवसांत पार्लमेंटमधून काढून घेतला. १९७१ चा कायदा पुन्हा हुजूर पक्षाचा. तेव्हा अमुक पक्ष आमचा आणि तमुक पक्ष वैरी, असे डोळे मिटून धरून चालण्यात अर्थ नाही. गरज लागली की दार उघडायचे, मतांची ओढाताण झाली की दार लावायचे, हा दोघांचाही परिपाठ आहे.

यावर कोणी म्हणेल, अहो, आता तर आपली माणसे तेथे राज्यावर चढली! चढली, खरे आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात ऋषी सुनक पंतप्रधान झाले. प्रीती पटेल गृहमंत्री झाल्या, सुएला ब्रेव्हरमन झाल्या. २०२५ च्या सप्टेंबरात शबाना महमूद झाल्या. कोणाचे आईबाप युगांडातून आलेले, कोणाचे केनिया व मॉरिशसमधून, कोणाचे घराणे काश्मीरकडचे. एकीचे वडील तर मूळ आपल्या गोव्याकडच्या घराण्यातले. आम्हांस आनंद झाला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. आम्हीही पेढे वाटले. पण राज्यावर चढून त्यांनी केले काय? बोटीने येणाऱ्या निर्वासितांस आफ्रिकेतील रवांडा देशात पाठवण्याची योजना २०२२ साली पटेलबाईंच्या कारकीर्दीत निघाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०२३ च्या नोव्हेंबरात बेकायदेशीर ठरवली आणि २०२४ साली नव्या सरकारने मोडीत काढली. पण काढणाऱ्यांची आडनावे पाहून आम्हांस आपली पॅसेंजर गाडी आठवली. फलाटावर असेपर्यंत माणूस ओरडतो, “अहो, थोडे सरका, आम्हांलाही घ्या!” आणि पाय आत पडला की तोच दाराशी आडवा होऊन सांगतो, “डबा भरला, पुढे पाहा!”

दुसऱ्यांस नावे ठेवणे सोपे असते. आता आमचा दोष ऐका.

आम्ही नर्सचे काम शिकून २००४ साली तिकडे गेलो. त्याच साली पोलंड देश युरोपीय संघात आला आणि पोलंडची एक बाई आमच्याच वॉर्डात कामाला लागली. बारा वर्षे आम्ही एकत्र रात्रपाळ्या केल्या. आमची पोर आजारी पडली तेव्हा तिने आपली सुटी मोडून आमची पाळी घेतली. २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले: युरोपीय संघात राहायचे की बाहेर पडायचे? भारताचा नागरिक म्हणून आम्हांस त्यात मत होते आणि तिला नव्हते! आमच्या वस्तीत त्या वेळी अशी हवा होती, की युरोपचा लोंढा थांबला म्हणजे आपल्या माणसांस जागा होईल, व्हिसा सुटतील, भावाला आणता येईल. आम्हीही तेच मानले आणि बाहेर पडण्याच्या बाजूने मत टाकले. शंभरात बावन्न मते त्या बाजूस पडली. निकालाच्या सकाळी पाळी संपता संपता तिने विचारले, “तू कोणत्या बाजूने दिलेस?” आम्ही खोटे बोललो. तिला ते कळले असावे, कारण तिने पुन्हा विचारले नाही. दोन वर्षांनी ती आपल्या देशी परत गेली.

बरे, ज्या लोभाने हे पाप केले तो तरी फळाला आला काय? काही दिवस आला, असे वाटले. युरोपातील माणसे कमी झाली तशी भारत, नायजेरिया, फिलिपाइन्स येथून नर्सेस, विद्यार्थी आणि वृद्धांची सेवा करणारे कामगार पुष्कळ आले. जून २०२३ पर्यंतच्या वर्षात गेलेले वजा जाता आलेल्यांची संख्या नऊ लाखांच्या घरात गेली. तेव्हा पोलंडच्या माणसावर रोखलेले बोट आमच्याकडे वळले. जून २०२५ पर्यंतच्या वर्षात हाच आकडा सुमारे दोन लाखांवर उतरला. पण बोट काही खाली आले नाही. २०२४ च्या जुलैत साउथपोर्ट गावी तीन लहान मुलींचा खून झाला. खुनी बोटीने आलेला निर्वासित आहे अशी खोटी आवई कोणी उठवली. तो वेल्समध्ये, कार्डिफला जन्मलेला निघाला. पण तोवर गावोगाव दंगली पेटल्या आणि निर्वासित राहत असलेल्या हॉटेलास आग लावण्यापर्यंत मजल गेली. त्या आठवड्यात आमच्या वॉर्डातील नर्सेस घोळक्याने बस धरीत होत्या. ७ ऑगस्टला मात्र हजारो इंग्रज बायाबापे दंगेखोरांच्या आडवे रस्त्यावर उभे राहिले, हेही आम्ही सांगितलेच पाहिजे.

राज्यकारभाराचे गणित पाहा. २०२४ च्या जुलैत मजूर पक्षास शंभरात चौतीसहूनही कमी मते पडून ४११ जागा मिळाल्या. परक्यांविरुद्ध बोलणाऱ्या ‘रिफॉर्म’ पक्षास शंभरात चौदा मते पडली, पण जागा पाचच. शंभरातील चाळीस मतदार घरीच बसले. असे बहुमत म्हणजे उथळ पायाचा वाडा. वारा सुटला की आतला माणूस घाबरतो. २०२५ च्या मे महिन्यात स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मने सहाशेंवर जागा आणि दहा कौन्सिले जिंकली. त्याच महिन्यात मजूर पक्षाचे पंतप्रधान स्टार्मर यांनी हा देश अनोळखी माणसांचे बेट होईल असे भय घातले. पुढे त्या शब्दांबद्दल त्यांनी खेद दर्शवला. धोरण मात्र राहिले. २२ जुलै २०२५ पासून वृद्धांच्या सेवेसाठी परदेशातून माणसे आणणे बंद झाले. पूर्वी पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येई. तो काळ सर्वसाधारण दहा वर्षे आणि शुश्रूषेसारख्या कामांस पंधरा वर्षे करावा, आणि आधीच आलेल्यांसही तो लागू करावा, असा प्रस्ताव त्याच वर्षी नोव्हेंबरात पुढे आला.

हे कागदावरचे आकडे कोणाच्या अंगावर पडतात? आमच्या ओळखीच्या घरची एक मुलगी २०२३ साली अशाच कामावर तिकडे आली. बापाने दीड एकर जमीन गहाण टाकून दलालास पंधरा लाख मोजले होते. सहा महिन्यांत तिच्या मालकाचा माणसे आणण्याचा परवाना गेला आणि साठ दिवसांत दुसरा मालक शोध, नाहीतर देश सोड, असे पत्र तिला आले. ती आमच्या घरी राहिली. पत्रे लिहून लिहून एकोणसाठाव्या दिवशी तिला काम मिळाले. रात्री स्वयंपाकघरात बसून ती बोटांवर वर्षे मोजायची: पाच झाली की आईबापांस सांगेन, आता घोर नाही. ती पाचाची पंधरा होण्याची बातमी आली, तेव्हा तिने आम्हांस विचारले, “काका, हे असे करणाऱ्यांना मते कोण देते हो?” आम्ही काय उत्तर देणार? दार लावण्याचा पहिला खिळा ठोकणाऱ्यांत काकाच होता!

इंग्रज गरिबास मात्र आम्ही शिव्या देणार नाही. त्याच्या खाणी बंद झाल्या, गिरण्या गेल्या. १९८० च्या कायद्याने कौन्सिलची भाड्याची घरे विकली गेली आणि तितकी नवी बांधली नाहीत. २०१० पासून सरकारने काटकसरीच्या नावाखाली गावचे खर्च छाटले. २०२३ साली रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीत सत्तर लाखांवर नोंदी होत्या. त्याचे दुखणे खरे आहे. पण वैद्य खोटा भेटला आहे. घर कोणी बांधले नाही हे विचारण्याऐवजी, घरात शेजारी कोण राहतो हे पाहायला त्याला शिकवतात. आणि त्याच देशात नुसत्या बापाच्या किताबावर कायदे करायला बसणारे ९२ उमराव १९९९ च्या सुधारणेनंतरही सरदारांच्या सभेत उरले. त्यांस काढण्याचे विधेयक मांडायला २०२४ साल उजाडले! शुश्रूषा करणारीने पंधरा वर्षे लायकी सिद्ध करावी, आणि उमरावाच्या पोराने नुसते जन्मास यावे, हा न्याय आपल्याला कोठेतरी ऐकल्यासारखा वाटत नाही काय?

वाटणारच; कारण तोच न्याय आपली माणसे ट्रंकेत घालून तिकडे घेऊन गेली आहेत. रंगावरून भेद करू नका, हा कायदा १९६५, १९६८ व १९७६ साली झाला तेव्हा त्याचे रक्षण आम्ही सर्वांनी घेतले. पण २०१३ साली पार्लमेंटने जातिभेदासही समतेच्या कायद्यात घालावे असे ठरवले, तेव्हा आपल्यातीलच कित्येक संस्थांनी हरकत घेतली, की जात येथे नाहीच! २०१८ साली सरकारने तो बेत सोडून दिला. नाही म्हणता, तर २०१५ साली भारतातून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईस तेथील न्यायाधिकरणाने थकलेल्या मजुरीचे एक लाख त्र्याऐंशी हजारांवर पौंड मालकाकडून द्यायला लावले, ते कशाबद्दल? गोऱ्याने आम्हांस रंगावरून तोलू नये, आणि आम्ही मात्र आमच्या माणसास जातीवरून तोलावे, हा तराजू कोणत्या बाजारात चालेल?

आता जे सांगतो ते कडू लागेल. २००८ साली मुंबई, नाशिक, पुणे येथे उत्तरेकडून आलेल्या मजुरांस आपल्या लोकांनी मारले, तेव्हा आम्ही लेस्टरला बसून “बरे झाले” म्हटले होते. त्याच वेळी आम्ही स्वतः तिकडे परप्रांतीय होतो! आपल्या बीडचा ऊसतोड कामगार दर दिवाळीनंतर कर्नाटकात कोयता घेऊन जातो. त्याला तेथे कोणी हाकलले तर आपले रक्त तापेल. मराठी पोरास काम मिळाले पाहिजे, त्याची भाषा जगली पाहिजे, यात दुमत नाही. पण त्याचा जाब कारखानदाराला आणि सरकारला विचारायचा, की पोटाला चिमटा घेऊन आलेल्या मजुराला?

तेव्हा जाणाऱ्या मुलामुलींस आमचे सांगणे इतकेच. काम मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणे तिकडच्या कायद्याने मना आहे. दलालासाठी जमीन गहाण टाकू नका. पोहोचल्याबरोबर मतदारयादीत नाव घाला आणि युनियनचे सभासद व्हा. कोणत्याही पक्षाचा माणूस दारी आला की त्याला एकच विचारा: माणसाची किंमत तू त्याच्या कामावरून करतोस की जन्मावरून? आडनाव आपल्यासारखे आहे म्हणून या प्रश्नातून कोणास सूट देऊ नका.

पोलंडच्या त्या बाईला आम्ही दोन वर्षांपूर्वी पत्र लिहून खरे काय ते कळवले. तिचे उत्तर आले. तिने आमच्या पोरीची खुशाली विचारली आहे. मताविषयी एक अक्षर नाही. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे. पुढच्या निवडणुकीस मत द्यायला जाताना ते खिशात असेल.